फोन खिशातच होता

गीतांजलीचा वरचा एक दात खोटा आहे. जेवताना तो हलतो, हसताना ती तोंडावर हात धरते, आणि ऊस सोलून खायचा तर आता प्रश्नच नाही. मूळचा दात चांगला धडधाकट होता, जरासा पुढे होता एवढंच. तो तिनं एकोणतिसाव्या वर्षी आपल्या पायानं डॉक्टरकडे जाऊन उपटून घेतला, कारण नंदिनी नगरच्या पाहुण्यांनी दातावरून नकार दिला असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. पुढच्या वेळी तरी हे कारण नको, असं तिला वाटलं. आता बोला! पुढची वेळ आलीच नाही.

भिलाईजवळच्या नंदिनी नगर गावचे पाहुणे म्हणजे भय्याजी आणि त्यांचा मुलगा रूपेश. सोळा सालच्या मार्चमधली गोष्ट. रूपेश तिकडच्या चुनखडीच्या खाणीत कामाला, अंगानं आडवा, बोलायला लाजाळू. पोहे खाऊन झाल्यावर दोघांना गच्चीवर पाठवलं, तेव्हा दहा मिनिटांत तो एकच वाक्य धड बोलला. "आमच्या जुन्या खाणीत पाणी साचून राहते, लय निळं दिसते. तुमाले दाखवीन." एवढ्यावर गीतांजली विरघळली. हसू नका. जिला एकोणतीस वर्षांत कोणी काही दाखवीन म्हटलं नव्हतं, तिला निळं पाणी पुष्कळ झालं. आठ दिवसांनी वडील जेवता जेवता म्हणाले, "त्यायचा नकार आला. दात पुढं आहे म्हणे पोरीचा." आणि वरण-भात कालवत राहिले.

हे वडील म्हणजे नरहरी बोंदरे. मूळचे भंडाऱ्याकडचे, चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटात बाबू. माणसांच्या सर्व्हिस बुकांचं कपाट त्यांच्या ताब्यात. कोणाची बढती अडली, कोणाला मेमो मिळाला, कोणी वारस म्हणून बायकोचं नाव खोडून भावाचं घातलं, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांची एक पद्धत होती. फाइल उभ्या जन्मात कोणाच्या हातात दिली नाही. माणूस टेबलासमोर आला की फाइल छातीशी धरायची, हवं ते पान उघडायचं, बाकीच्या ओळींवर पंजा ठेवायचा आणि एका ओळीवर बोट टेकवून म्हणायचं, "वाच." वाचून झालं की फटकन बंद. उरलेली फाइल त्या माणसाच्या बापालाही दिसायची नाही. या पद्धतीचा त्यांना भारी अभिमान. पुढे निवृत्त झाले, प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सोडून जवळच रिसालीत घर बांधलं, तरी तो पंजा काही उठला नाही.

पंधरा सालच्या अखेरीस त्यांच्या बायकोला, रत्नमालाबाईंना लकवा मारला. डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. गीतांजली तेव्हा एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. तिनं एक महिन्याची सुट्टी काढली, मग तीन महिन्यांची, मग शाळेनंच विचारणं सोडलं. धाकटा भाऊ अभिनव हैदराबादला नोकरीत. तो दर रविवारी फोनवर म्हणायचा, "ताई है तो मेरेको टेन्शन नहीं." म्हणायला काय जातं त्याचं! दर दोन तासांनी आईची कूस बदलायची. डाव्या खांद्याखाली एक हात, कमरेखाली दुसरा, पण त्याआधी गुडघा वळवून घ्यायचा, नाहीतर बाईला अशी कळ यायची की गल्लीत ऐकू जावं. नऊ वर्षांत त्या पाठीवर एक फोड उठला नाही. तपासायला येणारी नर्ससुद्धा तोंडात बोट घालायची. आणि रत्नमालाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "माझी गीता आहे म्हणून मी आहे, बाप्पा." एवढं ऐकलं की गीतांजलीचं पोट भरायचं. बापाशी तिचं कामापुरतं बोलणं होतं. आई मात्र तिची होती.

रिकामं बसणं निवृत्त बाबूला कुठलं सोसायला! नरहरींनी समाजाच्या मंडळातलं लग्नं जुळवण्याचं काम अंगावर घेतलं. दुर्गपासून भिलाई-तीनपर्यंत आणि तिकडे राजनांदगावपर्यंतचे लोक आपल्या पोरापोरींचे फोटो आणि माहिती त्यांच्या फोनवर पाठवायचे. त्यातून दरवर्षी मेळाव्याच्या आधी परिचय पुस्तिका निघायची. ती टाइप कोण करायचं? गीतांजली. दोनशे-सव्वादोनशे स्थळं, रंग, उंची, गोत्र, नोकरी, अपेक्षा. आधीची दोन-तीन वर्षं तिचंही नाव त्यात होतं. मग एका वर्षी नरहरींनीच खोडलं. "आता वय दिसते वं कागदावर," ते म्हणाले. तिनं निमूटपणे पुढचं नाव टाइप केलं.

समाजात तिच्याशी लोक जरा विचित्रच वागायचे. हळदीकुंकवात निरांजनाचं तबक तिच्या हातात कोणी द्यायचं नाही. जिना उतरताना एखादी बाई उगाच तिचं कोपर धरायची. गेल्या गणपतीत तर कहर झाला. मंडळाच्या हॉलमध्ये ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला आणि ती आडवी झाली. उठून बसते न बसते तोच तीन बाया धावत आल्या आणि एकीनं आपली चप्पल काढून सरळ तिच्या नाकाला लावली. दुसरी ओरडली, "कांदा आणा, कांदा!" गीतांजली लाजेनं लाल झाली, मग हसायला लागली, हसताना तोंडावर हात ठेवला, तर तिसरीनं तो हात घट्ट दाबून धरला. बाया खुळ्या आहेत झालं, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला.

आता फोनचं. नरहरींचा जीव त्या फोनमध्ये. झोपताना उशाखाली, एरवी सदऱ्याच्या खिशात. कोण कवा काय बोललं ते आपल्यापाशी असलं पाहिजे, ही ऑफिसातली खोड. म्हणून फोनवरचं प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय त्यांनी पहिल्या फोनपासून करून घेतली होती. फोन बदलले, पण मेमरी कार्ड तेच. जुन्यातून काढायचं, नव्यात घालायचं. ते रेकॉर्डिंग त्यांनी कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. कपाटातल्या फायली तरी कुठे वाचत होते! ताब्यात असण्याशी मतलब.

पुस्तिकेसाठी फोटो हवेत तर नरहरी ते एकेक करून गीतांजलीच्या फोनवर पाठवायचे. दोनशे फोटो पाठवताना त्यांचा अंगठा दुखायचा, आणि येणारे फोटो असे पुसट की छापखान्यानं दोनदा परत केले. वायर लावून घेऊ म्हटलं तर फोन टेबलावर, म्हणजे पोरीच्या ताब्यात ठेवावा लागणार. "ते जमणार नाही," नरहरी म्हणाले. शेवटी अभिनवनं हैदराबादहून तोड काढली. फोनमध्ये एक ॲप घ्यायचं, बटण दाबायचं, की ते एक आकड्यांचा पत्ता दाखवतं. तो पत्ता घरातल्या कॉम्प्युटरवर टाकला की फोनमधल्या फायली पडद्यावर उघडतात. वायर नको, काही नको, दोघं एकाच वायफायवर असले की झालं.

"फोन माझ्या खिशातच राहीन ना?" नरहरींनी तीनदा विचारलं.

"खिशातच राहीन, बाबा. आता ते विचारून राहिलं ना, अलाऊ करू का म्हणून? करा. सगळ्याले हो म्हणा." अभिनवला मीटिंगला जायचं होतं.

नरहरींनी सगळ्याला हो म्हटलं. चौतीस वर्षं एक ओळ दाखवून फाइल मिटणारा माणूस! त्यांच्या हिशेबी हेही तसंच होतं. फाइल आपल्या छातीशी आहे, आपण म्हणू ते पान उघडेल. पहिले दोन दिवस ते गीतांजलीच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि पडद्यावर बोट टेकवून सांगत राहिले, "या खान्यात जाय. फोटो घे. निघ." ती जायची, घ्यायची, निघायची. तिसऱ्या दिवशी ते कंटाळले. सकाळी बटण दाबून फोन खिशात टाकायचा आणि वऱ्हांड्यात पेपर घेऊन बसायचं, असा नेम झाला.

त्याच आठवड्यात ते आत येऊन म्हणाले, "एक्केचाळीस नंबरचं पान आधी कर. एका जागी पाठवाचं आहे. चांगलं बनव." एक्केचाळीस नंबर म्हणजे भिलाई-तीनची अनुजा, रेल्वेतल्या माणसाची पोर. तिचे तीन फोटो होते. गीतांजलीनं तिन्ही उघडून पाहिले आणि निळ्या साडीतला निवडला. मागची भिंत कळकट होती, ती पुसून काढली. 'स्वभाव' या रकान्यात नुसतं 'शांत' लिहिलेलं, तिथं 'शांत व हसतमुख' केलं. पोरीचं भलं होत असेल तर होवो. पान पाठवून नरहरी म्हणाले, "झकास."

याला तीन आठवडे झाले. एका दुपारी, अडीचच्या सुमाराला, आईचं जेवण आटोपून गीतांजली कॉम्प्युटरवर बसली. एकशे बारा नंबरच्या मुलाचा फोटो काही सापडेना. नेहमीच्या खान्यात नव्हता. बाबांना विचारावं तर ते वऱ्हांड्यात डुलकी घेत होते, म्हणून तिनं एक पायरी मागे जाऊन बाकीचे खाने पाहिले. तिथं सगळा फोन उघडा पडलेला. बँकेचे कागद, डॉक्टरची चिठ्ठी, सकाळच्या देवांचे फोटो, आणि एक खाना रेकॉर्डिंगचा. तो उघडला तर नावांची ही मोठी यादी, प्रत्येक नावापुढे नंबर आणि तारीख. दुसऱ्याच्या फायली चाळायची सवय तिला नव्हती. ती मागे फिरणारच होती, तेवढ्यात यादीतल्या एका ओळीवर नजर गेली. 'भय्याजी नंदिनी.' तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

आई झोपली होती, म्हणून तिनं जुना हेडफोन कानाला लावला आणि ती ओळ दाबली.

"नरहरीभाऊ, भय्याजी बोलून राहिलो. रूपेशची बायको गेली त्याले दोन वर्सं झाले, तुमाले माहीतच आहे. घरी लहान पोरगी आहे. आता पाहून राहिलो एखादी. तर रूपेश मंते, त्या रिसालीवाल्या पोरीचं झालं का विचारा. मी म्हटलं, अरे बाबू, तिले फिट येते. तर मंते, गोळ्यायनं बरं झालं असन तर मले चालते."

मग बापाचा आवाज. शांत, समजुतीचा, टेबलापलीकडच्या माणसाशी बोलायचा.

"बरं काहाचं, भय्याजी! वाढलंच. मांगच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमधी सगळ्यायसमोर पडली. बायायनं चप्पल हुंगवली तवा उठली. कोणाले बी विचारा."

"अरे राम राम."

"तुमच्या घरी लहान लेकरू. उद्या गॅसपाशी पडली मंजे? मी तुमाले फसवू काय? एक चांगली पोरगी आहे माझ्या यादीत. पान पाठवतो तिचं."

गीतांजलीनं हेडफोन काढला, पुन्हा लावला, पुन्हा सगळं ऐकलं. फिट! तिला साधी चक्करही कधी आली नव्हती. तबक, कोपर, चप्पल, कांदा, सगळं एकदम समजलं. नालायक म्हातारा! स्वतःच्या लेकीच्या नावावर रोग लिहून मोकळा झाला, आणि वर मेळाव्यात नारळ घेतो, शाल घेतो. आणि रूपेश? नऊ वर्षांनी त्यानं विचारलं होतं. गोळ्यांनी बरी असेल तर चालते म्हणाला होता. म्हणजे तेव्हाचा नकार दातावरून नव्हता, फिटवरून होता. तिनं यादी खाली, अगदी तळापर्यंत नेली. सोळा सालचा मार्च सापडला. कार्ड तेच होतं ना.

"नरहरीभाऊ, आमाले पोरगी पसंद आहे बरं का," नऊ वर्षांपूर्वीचे भय्याजी खणखणीत आवाजात म्हणाले. "रूपेशनं तर घरी येता येता हो म्हटलं. आमची बायको मंते, पोरगी हसते मोठी गोड."

गीतांजलीनं जिभेनं तो खोटा दात चाचपला.

"हं," नरहरी म्हणाले. "एक मिनिट थांबा, भय्याजी." मग आवाज दबला, फोनवर पंजा ठेवला असावा. पण पंज्याच्या आतून कोणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं. बाईचा आवाज होता. काय बोलतेय ते कळायच्या आत पडद्यावरचं चाक गरगर फिरायला लागलं आणि सगळं बंद.

तिनं वळून पाहिलं. वऱ्हांड्यातली खुर्ची रिकामी होती. नरहरी कोपऱ्यावर पान खायला गेले होते. फोन खिशात, म्हणजे फोनही गेला. घरातलं वायफाय फाटकापर्यंतच पोचायचं.

"गीता," आतून हाक आली. "कूस बदलून दे वं."

ती गेली. गुडघा वळवला, खांद्याखाली हात घातला, आईला डावीकडे केलं, पाठीला पावडर लावली. आणि लावता लावता तिला रडू फुटलं. आईच्या पाठीवर कपाळ टेकवून ती हुंदके द्यायला लागली. बिचारीला काय माहीत, आपल्या नवऱ्यानं काय करून ठेवलंय! हिला कळलं तर ही जीव देईल. सांगायचं कसं?

"काय झालं वं, बाई?" रत्नमालाबाईंनी चालता हात मागे आणून तिच्या केसांवरून फिरवला. "रडून कावून राहिली?"

"काही नाही, आई."

"नको रडू. माझी गीता आहे म्हणून मी आहे." तिनं ते ऐकलं, डोळे पुसले, आणि नेहमीसारखंच तिला बरं वाटलं.

नरहरी आले. तोंडात पान. दारातूनच म्हणाले, "चालू आहे ना तुझं?"

"बंद पडलं, बाबा," गीतांजली म्हणाली. "पुन्हा चालू करून द्या."

त्यांनी फोन काढला, चष्मा वर केला, अंगठ्यानं बटण दाबलं, हिरवी खूण आली का पाहिलं, फोन खिशात टाकला आणि खिशावर दोनदा थोपटून वऱ्हांड्यात जाऊन बसले.

गीतांजलीनं हेडफोन लावला. सोळा सालचा मार्च. पसंद आहे. हसते मोठी गोड. एक मिनिट थांबा. पंजा. आणि पंज्याच्या आतून, बोटांच्या फटीतून आलेला तो आवाज, या वेळी पुरता.

"हो म्हणू नका! पायाच पडतो तुमच्या. ती गेली तर मी सडून मरीन. माझं कोण करीन? तुमी?"

"अवं पण त्यायले पसंद आहे. सांगू काय?"

"फिट येते म्हणा. फिट म्हटलं का कोणी पुन्हा विचारत नाही."

मग पंजा उठला. "भय्याजी, तुमी आपले, म्हणून लपवून ठेवत नाही..."

पुढचं ऐकायची गरज नव्हती. तिनं दोन्ही रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ते काम तिनं व्यवस्थित केलं, नाव दिलं, तारीख दिली. मग पडद्यावरचा भय्याजींचा नंबर आपल्या फोनमध्ये लिहून घेतला आणि गच्चीवर गेली. याच गच्चीवर तो निळ्या पाण्याचं बोलला होता. आता तिथं आईच्या चादरी वाळत होत्या. तिला एकच गोष्ट हवी होती. अजून उशीर झालेला नसावा. तीन आठवडे म्हणजे काय असे होतात!

भय्याजींनी फोन उचलला. ती भडाभडा बोलली. "काकाजी, मी गीतांजली, नरहरी बोंदऱ्यांची. रिसालीची. तुमी बाबाले विचारलं ते मले आत्ता समजलं. मले फिट येत नाही, काकाजी. कधीच आली नाही. ते खोटं होतं. रूपेशले सांगा, मी यायले तयार आहे."

पलीकडे भय्याजींनी कोणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"पोरी," भय्याजी म्हणाले, "परवा सुपारी फोडली आमी. भिलाई-तीनची आहे, अनुजा नावाची. तुझ्याच बाबूजीनं पान पाठवलं. लय सुंदर पान होतं. रूपेश नाही नाहीच म्हणत होता, फोटो पाहून तयार झाला."

गीतांजलीनं दोरावरची एक चादर ओढून काढली.

"अन् राग नको मानू," भय्याजी जरा दबक्या आवाजात म्हणाले, "पण ज्याले येते तो असंच मंते, मले येत नाही म्हणून. आमच्या साळ्याचा पोरगा बी असाच मने. आपला बाप कायले खोटं बोलन? गोळ्या वेळेवर घेत जाय. अन् असा फोन पोरीनं स्वतः करू नये, लोक नावं ठेवतात." फोन बंद झाला.

रेकॉर्डिंग पाठवता आलं असतं. तिनं फोन हातात घेतलाही. पण कोणाला पाठवणार? निळ्या साडीतल्या त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं? पाठवलं नाही. गच्चीवर ती बराच वेळ उभी राहिली. कूस बदलायची पुढची वेळ पाचची होती. सव्वापाच झाले. खालून हाक आली. "गीता." मग पुन्हा. मग जरा चिडून, "गीता वं! आखडून राहिली मी."

ती खाली उतरली. आईच्या खोलीत गेली, पण पलंगाजवळ गेली नाही. भिंतीशी खुर्ची होती, तिच्यावर बसली. तोंडातला खोटा दात काढला आणि आईच्या गोळ्यांच्या डबीशेजारी स्टुलावर ठेवला.

"हे काय?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "बसली कायले? कूस बदल ना."

"मले फिट आली, आई."

रत्नमालाबाईंनी दाताकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. त्या शाबूत जिभेला सुचलं ते एवढंच, "अवं, कळ येऊन राहिली मले."

"फिट म्हटलं का कोणी पुन्हा विचारत नाही," गीतांजली म्हणाली. "तूही विचारू नको."

रत्नमालाबाई रडायला लागल्या, मग ओरडायला. नरहरी धावत आले, खिशात फोन उड्या मारत होता. "काय चाललं? गीता, बसून काय राहिली? उठ, तिची कूस बदल!"

"मले फिट आली, बाबा. सगळ्या समाजाले माहीत आहे, तुमालेच माहीत नाही का?" तिनं पायातली चप्पल काढली आणि पायानंच त्यांच्याकडे सरकवली. "घ्या, हुंगवा."

नरहरींचा हात आपोआप खिशावर गेला. फोन जागच्या जागी होता. त्यांनी तो काढून पाहिला, बटणाची हिरवी खूण अजून तशीच पेटलेली होती. त्यांनी दारातून पलीकडे कॉम्प्युटरकडे पाहिलं. तिथं लांबलचक यादी उघडी होती, वरपासून खालपर्यंत, आणि तिच्यावर पंजा ठेवायला आता काही उपाय नव्हता.

पलंगावरून किंकाळी आली. नरहरी बायकोकडे वाकले. नऊ वर्षांत त्यांनी हे काम एकदाही केलेलं नव्हतं. त्यांनी दंडाला धरून ओढलं, बाई गुरासारखी ओरडली. कमरेला धरलं, अजून ओरडली. गुडघा तसाच आडवा अडकून होता. "सांग ना वं कुठं धराचं ते!" ते लेकीवर खेकसले, मग विनवायला लागले, "गीता, सांग ना पोरी."

कुठं धरायचं ते गीतांजलीला माहीत होतं. आधी गुडघा, मग खांदा, मग कमर. ती खुर्चीवर बसून पाहत राहिली आणि काही बोलली नाही. फिट आलेल्या माणसाला बोलता येत नाही.